काळा पडलेला कंबरपट्टा

सतरा जूनच्या, म्हणजे देशाच्या राष्ट्रीय सणाच्या, सकाळी सात वाजता हेर्डिस न्हाणीघरात गेली, टबात हात घातला आणि रात्री भिजत ठेवलेला कंबरपट्टा वर काढला. बघते तर काय, चांदीचा पट्टा काळाकुट्ट!

"अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि ती टबाच्या काठावर मटकन बसली.

आता चांदी काळी पडली तर पडली, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण हा पट्टा अम्मा डल्लाचा होता. अम्मा डल्ला म्हणजे हेर्डिसची सासू. वय चौऱ्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. पट्टा तारकामाचा, चौदा पेट्या एकमेकींना जोडलेल्या, आणि पुढे पानाच्या आकाराचा आकडा. हेर्डिसच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढ्या काळात घरातल्या प्रत्येक बारशाला आणि लग्नाला तो कपाटातून निघाला, अम्माच्या कमरेवर बसला आणि परत कपाटात गेला. मधे सुनेनं हात लावायची सोय नव्हती. पण यंदा हेर्डिसची धाकटी लेक ऊना गावची डोंगरबाई, म्हणजे सणादिवशी देशाचं रूप घेणारी बाई, व्हायची होती. पांढरा झगा, डोक्यावर मुकुट, कमरेला चांदी, आणि चौकातल्या मंचावर उभं राहून देशाच्या नावानं कविता म्हणायची. नातीसाठी अम्मानं आदल्या दिवशी पट्टा काढला आणि स्वतःच्या हातानं सुनेच्या हातात ठेवला.

"कोरड्या फडक्यानं पूस," अम्मा म्हणाली होती. "तेवढंच कर. डोकं चालवू नकोस."

आणि घरी येऊन बाईंनी नेमकं डोकं चालवलं. तारांच्या जाळीत जुनी पांढरी पूड अडकलेली दिसली. साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवला की आपोआप निघेल, नळ बारीक सोडून ठेवला की मळ वाहूनही जाईल, असा तिचा हिशेब. हातात रबरी मोजे होते. मन ऊनाच्या कवितेत होतं, कारण तिसऱ्या कडव्यात पोरगी दरवेळी अडखळत होती. अशा तंद्रीत हेर्डिसनं नळ सोडला तो डावीकडचा. गरम.

आणि त्यांच्या या ह्वेरागेर्दी गावातला गरम नळ म्हणजे चुलीवर तापवलेलं पाणी नव्हे. ते जमिनीच्या पोटातून उकळतच येतं आणि येताना गंधक घेऊन येतं. कुजक्या अंड्यांचा वास मारतं म्हणावं, तर गावात पावलापावलावर जमिनीतून वाफ निघते, तिथल्या माणसाला तो वास कळतच नाही. मोज्यांतून ऊन लागलं नाही, नाकाला वास लागला नाही. झालं!

यातली खरी मेख पुढेच आहे. हेर्डिस म्हणजे कुणी येरीगबाळी नव्हती. गावच्या शाळेत तिनं तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. दरसाल पहिल्या तासाला ती मुलांना विचारायची, "नुसता बदल कुठला आणि रासायनिक बदल कुठला, हे ओळखायचं कसं? रंग पालटला का? वास सुटला का? बुडबुडे आले का? आणि मुख्य म्हणजे, जे होतं ते उरलं का, की त्याचं दुसरंच काही झालं?" मग ती खिशातून चांदीचा चमचा काढायची, गरम नळाच्या पाण्याच्या वाटीत टाकायची आणि पुढच्या आठवड्यात काळा झालेला चमचा वर धरून सांगायची, "आपल्या गरम नळाखाली चांदी धरणारा गाढव!" तीस वर्षं. गावातल्या निम्म्या लोकांना बाकीचं रसायन विसरून एवढं एक वाक्य पाठ होतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हे असं.

केटिल, म्हणजे तिचा नवरा, टोमॅटोच्या काचघरातून हात धुवायला आत आला. त्यानं आधी बायकोकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे.

"हेर्डिस, हा आईचा..."

"बोलू नकोस."

"मी कुठं काय बोलतोय? मी एवढंच म्हणणार होतो, की गरम नळाखाली चांदी धरणारा..."

"केटिल!"

केटिलच्या मिशा हलत होत्या. मग त्यालाही आईचा चेहरा आठवला असावा, कारण मिशा थांबल्या आणि त्यानं मुकाट्यानं जुना दातांचा ब्रश उचलला.

"घासायचं नाही!" हेर्डिसनं ब्रश हिसकावून घेतला. "हा मळ नाही रे. मळ असता तर वर बसला असता. ही चांदीच आहे, गंधकाशी जोडली गेलेली. तू काळं घासशील म्हणजे चांदीच घासून मोरीत घालवशील."

"मग करायचं काय? एक वाजता मिरवणूक आहे. बारा वाजता आई ऊनाला कपडे घालणार आहे."

"गंधकाला चांदीपेक्षा जवळचं कुणीतरी द्यायला हवं. मग तो चांदीला आपण होऊन सोडेल. अ‍ॅल्युमिनियम. सोडा-मीठ आहे घरात, फॉइलचा रोल आण."

"संपला. शनिवारी ट्राउट मासा भाजला ना आपण."

दुकानं तर सणाची बंद. शेजारी मागावं, तर डावीकडची सिग्नी हेर्डिसची विद्यार्थिनी, उजवीकडचे दोघं भाऊ विद्यार्थी. चांदी मिरवायच्या दिवशी फॉइल मागायला रसायनाच्या बाई दारात उभ्या राहिल्या, की चांदीचं काय झालं हे लोक न सांगता ओळखणार. दुपारपर्यंत गोष्ट अम्माच्या कानावर जाणार, आणि तीही तिखटमीठ लावून. एकतीस वर्षांनी सासूनं विश्वास टाकला आणि तो एका रात्रीत नासवला. पट्ट्यापेक्षाही तेच हेर्डिसला सोसवत नव्हतं.

"बेर्गुरची सॉसेजची गाडी लागली असेल चौकात," केटिल म्हणाला. "त्याच्याकडे फॉइल नक्की असते."

"बेर्गुर? अरे देवा! तो तर तीनदा नापास झालेला."

"मग बरंच की. त्याला कळणार नाही."

ऊना उठली तर तिच्या नजरेला पडायला नको, म्हणून हेर्डिसनं पट्टा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला, खिशात सोड्याची पुडी टाकली आणि निघाली. ऊनाला गुंतवून ठेवायचं काम केटिलवर. त्यानं लगेच पॅनकेकचं पीठ कालवायला घेतलं.

चौकात पताका फडफडत होत्या, मंचावर कुणीतरी ध्वनिक्षेपकात 'एक, दोन' करत होतं. बेर्गुर गाडीवर कांदा कुरकुरीत तळत होता. चाळिशीचा आडवातिडवा गडी. मागच्या जन्मी नापास झाल्यासारखा आनंदी.

"बाई! सकाळी सकाळी सॉसेज?"

"नको रे. थोडी फॉइल हवी होती."

"किती?"

इथं बाईंची जीभ घसरली. तीस वर्षांची सवय, दुसरं काय! "एक ग्रॅमही पुष्कळ झाली," ती म्हणून गेली.

बेर्गुरनं झारा खाली ठेवला. "एक ग्रॅम? बाई, मासा गुंडाळायला कुणी ग्रॅमवर फॉइल मागत नाही. पिशवीत काय आहे?"

"टॉवेल."

"टॉवेलाला फॉइल?"

हेर्डिसला खोटं बोलायचं अंग नव्हतं. कधीच नव्हतं. तिनं टॉवेलाचं टोक उचललं. बेर्गुर वाकला, त्यानं लांबलचक शीळ घातली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते तीन वेळा नापास झालेल्या माणसालाच पसरवता येतं.

"गरम नळाखाली चांदी धरणारा..."

"ठाऊक आहे मला! देणार आहेस का नाही?"

"देणार ना. रोलच घ्या. पण एका अटीवर." त्यानं गाडीवरचा दरांचा फळा उतरवला, खालची कोरी जागा बाहीनं पुसली आणि खडू पुढे केला. "समीकरण लिहा. आणि संतुलित करा. गुण मी देणार."

"बेर्गुर, वेळ नाहीये!"

"परीक्षेत मला तुम्ही हे कधी म्हणू दिलं नव्हतंत, बाई."

हेर्डिसनं खडू हिसकावला. मोहरी घातलेल्या सॉसेजच्या दराखाली तिनं भराभर लिहिलं:

Ag₂S + Al → 2Ag + AlS

"हे घे. चांदी दोन, दोन. गंधक एक, एक. अ‍ॅल्युमिनियम एक, एक. झालं समाधान? आण आता रोल."

बेर्गुर हाताची घडी घालून फळ्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या भुवया वर गेल्या.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "हे AlS कुठं भेटतं हो?"

"काय?"

"अ‍ॅल्युमिनियमला हात तीन. गंधकाला दोन. एकास एक जोडी लागतच नाही. तुम्ही मोजदाद जमावी म्हणून सूत्रच बदललंत."

हेर्डिसनं फळ्याकडे पाहिलं. कानशिलं तापली. हेच! ज्या चुकीसाठी तिनं हजार वह्यांवर लाल फुली मारली, ती चूक, भर चौकात, सॉसेजच्या फळ्यावर.

"मला आठवतंय," बेर्गुर म्हणाला. "ऑक्सिजन कमी पडत होता म्हणून मी पाण्याच्या सूत्रात एक जास्तीचा घातला. H₂O चं H₂O₂ केलं. तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, 'बेर्गुरनं आज पाण्याऐवजी केस उजळायचं औषध प्यायला दिलंय.' वर्षभर पोरी मला केस सोनेरी करून मागत होत्या." आणि मग त्यानं हुबेहूब तिचा आवाज काढला, चष्म्यावरून बघायची लकबसुद्धा. "मुलांनो, खालचे आकडे निसर्गाचे, पुढचे आकडे आपले. निसर्गाच्या आकड्यांना हात लावायचा नाही!"

आता काय करणार? हेर्डिसला हसू फुटलं. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा थोडा सरकला. ती हसता हसता खाली बसली, डोळे पुसले, आणि उठून खडू घेतला.

"बघ. Al₂S₃. गंधक तीन लागणार, म्हणजे काळी चांदी तीन वेळा. तीन वेळा म्हणजे चांदीचे अणू सहा. अ‍ॅल्युमिनियम दोन."

3Ag₂S + 2Al → 6Ag + Al₂S₃

"आता मोजा," बेर्गुर म्हणाला.

"सहा, सहा. तीन, तीन. दोन, दोन."

"पास," बेर्गुर म्हणाला आणि रोल तिच्या हातात दिला. "दुसऱ्या प्रयत्नात. माझ्यापेक्षा बऱ्या आहात."

मग दोघं कामाला लागले. बेर्गुरनं मोठं पातेलं काढलं. गरम नळाकडे त्याचा हात जातोय असं दिसताच हेर्डिस किंचाळली, तेव्हा गार नळाचं पाणी गॅसवर उकळायला ठेवलं. पातेल्याच्या तळाशी फॉइल अंथरली, मूठभर मीठ टाकलं, सोडा टाकला. सोडा पडताच पाणी फसफसलं. पट्टा हळूच आत सोडला, पेटीन् पेटी फॉइलला टेकेल असा.

क्षणभर काहीच झालं नाही. मग फॉइलवरून बारीक बुडबुडे निघायला लागले.

"वास येतोय का?" बेर्गुरनं विचारलं. "अंड्यांचा? म्हणजे गंधक निघाला."

"मला काय विचारतोस? मी जन्मभर याच गावात राहिलेय."

पण वासाची गरजच पडली नाही. कडेच्या पेटीवरचा काळा रंग तपकिरी झाला, तपकिरीचा पिवळसर, आणि मग आतून पांढरी चांदी वर आली. एक पेटी, दुसरी पेटी, तारेच्या वेटोळ्यांत, जिथं ब्रशचा केससुद्धा पोचला नसता तिथंसुद्धा. फॉइल मात्र मळकी, काळपट होत गेली. हेर्डिसनं हे हजार वेळा शिकवलं होतं, पण आज तिला रडू यायला लागलं. चांदी कुठं गेलीच नव्हती. काळ्याच्या आत सगळी जशीच्या तशी होती.

"अरे, आली रे आली!" बेर्गुरनं झारा उंच नाचवला. मंचावरचा ध्वनिक्षेपकवाला वळून बघायला लागला.

पट्टा बाहेर काढला, गार पाण्यात धुतला, टॉवेलावर पसरला. एवढा लखलखीत तर हेर्डिसनं तो लग्नातही पाहिला नव्हता. तिनं सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात बेर्गुर आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, इथं काही लिहिलेलं होतं का हो?"

हेर्डिसनं वाकून पाहिलं. आकड्याच्या पानावर दोन अक्षरं होती. एस आणि जे. चांदीत वरवर खोदून त्यांत काळी भर घातलेली, कधीकाळच्या सोनारानं मुद्दाम. ती भरही गंधकाचीच. आता तिथं दोन फिकट ओरखडे तेवढे राहिले होते. आणि कसं नसणार? चांगलं काळं कुठलं, वाईट काळं कुठलं, हे अ‍ॅल्युमिनियमला कोण सांगणार?

"रडू नका," बेर्गुर घाईनं म्हणाला. "उपाय आहे. उकडलेलं अंडं आणतो. पिवळा बलक काडीनं अक्षरांत भरायचा. गंधक त्यातही असतो ना? बारापर्यंत चांदी तिथल्या तिथं काळी पडेल. तुमच्या अम्माला पत्ता लागायचा नाही."

अंडं आलंसुद्धा. हेर्डिसनं काडी हातात घेतली, बलकात बुडवली. अगदी आकड्यापर्यंत नेली. मग तिची नजर फळ्यावर गेली, जिथं वरचं चुकीचं समीकरण अजून तसंच होतं. आकडे जमलेले आणि तरीही खोटं.

"नको," ती म्हणाली आणि काडी खाली ठेवली.

"का? जमेल की."

"जमेल रे. पण ही वरच्या ओळीचीच गोष्ट झाली. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून खालचा आकडा बदलायचा. मी तुला कधी करू दिलं नाही."

"माझा अख्खा विषय गेला त्यापायी," बेर्गुर म्हणाला. पण त्यानं पट्टा कोऱ्या कागदात नीट बांधून दिला, वर तळलेल्या कांद्याची पुडी ठेवली आणि म्हणाला, "जा, बाई. मारणार तर नाहीत."

अम्मा डल्लाचं घर चर्चच्या मागे. अम्मा झग्याला इस्त्री करत होती. "आण," ती मान वर न करता म्हणाली. हेर्डिसनं कागद सोडून पट्टा टेबलावर ठेवला. अम्मानं इस्त्री उभी केली, पट्टा खिडकीशी नेला आणि एकेक पेटी अंगठ्याखालून सरकवत पाहिली. आकड्याशी अंगठा थांबला.

"इथं अक्षरं होती."

"होती," हेर्डिस म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर तिनं काही राखून ठेवलं नाही. "मी पट्टा गरम पाण्यात घातला. रात्रभर. तो काळा पडला. मग रसायन करून काळं उतरवलं, त्याबरोबर अक्षरंही उतरली. तुम्ही म्हणाला होतात, डोकं चालवू नकोस. मी चालवलं. तेही अर्धंच. चूक सगळी माझी आहे, अम्मा, आणि मला फार वाईट वाटतंय."

अम्मानं पट्टा टेबलावर ठेवला.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"केटिलला. आणि सॉसेजवाल्या बेर्गुरला."

"म्हणजे गावाला." अम्मा खुर्चीत बसली. "अक्षरं कुणाची होती, माहीत आहे?"

"तुमच्या आईची ना?"

"छट्! माझी आई कसली चांदी घालतेय. सासूची माझ्या. स्टेनव्होर जॉन्सडोत्तिर. पट्टा देताना मला म्हणाली, 'घालायला तुझा, डल्ला, पण नाव माझं. विसरू नकोस.' विसरते कशी? सत्तावन्न वर्षं तिचं नाव कोरड्या फडक्यानं पुसतेय मी. पाण्यात घालायची कधी छाती झाली नाही. नाव गेलं तर बाई थडग्यातून उठून येईल, अशी भीती."

हेर्डिसची तीस वर्षांची शिकवायची सवय सुटत नव्हती. "पुन्हा काळी करता येतील," ती पुटपुटली. "अंड्याच्या बलकानं. हीच अभिक्रिया उलटी फिरवायची."

"खबरदार!" अम्मा गरजली. "खबरदार अंडं लावशील तर!"

तेवढ्यात ऊना धापा टाकत आली. तिच्या पोटात आठ पॅनकेक गेले होते आणि झग्याची बटणं लागेनात. मग दोघींनी मिळून तिला आवळली, मुकुट चढवला, पट्टा बांधला. चौकात वारं असं सुटलं होतं की अर्ध्या पताका मंचाला गुंडाळल्या. ऊना तिसऱ्या कडव्यात अडखळलीच, पण लोकांना वाटलं, पोरीचा कंठ देशासाठी दाटून आला, आणि टाळ्या जोरात पडल्या. बेर्गुरनं फळा पुसला नव्हता. रांगेतली निम्मी माणसं समीकरण तपासत सॉसेज खात होती.

संध्याकाळी अम्माकडे कॉफी झाली. ऊनानं पट्टा काढून टेबलावर ठेवला. हेर्डिसनं सवयीनं तो उचलून कपाटाकडे नेला, तर अम्मानं काठी आडवी घातली.

"कपाटात नको. तुझ्याकडे ठेव."

"माझ्याकडे? आजच्या या प्रकारानंतर?"

"आजच्या या प्रकारानंतरच. सत्तावन्न वर्षांत मला जे जमलं नाही ते तू एका रात्रीत केलंस. फक्त गार नळ कुठला ते केटिलला विचारून ठेव."

केटिल कॉफीत ठसकला. हेर्डिस पट्टा छातीशी धरून उभी राहिली. तिला रडायचं होतं आणि हसायचंही होतं. "सोनाराकडे देऊ का?" तिनं विचारलं. "अक्षरांची जागा तेवढी वाईट दिसते. नवी घालून आणते."

"कुणाची घालशील? तुझी?" अम्मानं तिचा हात ओढून आकड्यावर ठेवला, त्या फिकट ओरखड्यांवर. "राहू दे रिकामी. ऊनाला तरी कुणाचं नाव पुसत बसायला नको."